मोबाईलमधला गुप्तहेर काय शिकवतो? आधी पुरावा, मगच नाव!

नेकनूर (ता. बीड) : समजा, विहिरीवरची पाण्याची मोटार रात्रीतून गेली. सकाळी हॉटेलवर चहा होईस्तोवर तीन नावं चर्चेत येतात. दुपारपर्यंत त्यातलं एक व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. मोटार सापडो न सापडो, त्या माणसाची बदनामी झालेलीच असते. हीच घाई मोडणारे गेम सध्या मोबाईल आणि कॉम्प्युटरवर खेळले जातात. त्यांना गुप्तहेर गेम म्हणतात.

गेम कसा चालतो?
यात भर गोळीबारावर नसतो, तपासावर असतो. एक वस्ती, एक घटना आणि काही संशयित. खेळणाऱ्याने विचारपूस करायची, वस्तू तपासायच्या, कोण किती वाजता कुठं होतं ते जुळवायचं. अहमदाबादच्या मसाला गेम्सचा 'डिटेक्टिव्ह डॉटसन' तर भारतातच घडतो. त्यात वेश पालटून पुरावे गोळा करावे लागतात. २०१५ च्या 'हर स्टोरी'त एका महिलेच्या पोलीस जबाबांचे व्हिडिओ शोधून खरं काय ते ठरवायचं असतं.

२०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' आणखी कडक आहे. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं, हे त्यात शोधायचं. साधारण तिघांची उत्तरं पूर्ण बरोबर आल्याशिवाय गेम ती मान्यच करत नाही. अंदाजपंचे काम तिथं चालत नाही.

मराठी वाचकाला हा नाद जुनाच आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार घराघरात पोचला होता. फरक एवढाच, की गेममध्ये तपास वाचायचा नसतो, स्वतः करायचा असतो.

खऱ्या गावात चूक महागात
गेममध्ये चुकीचं नाव घेतलं तर पुन्हा सुरुवात करता येते. गावात ती सोय नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे आठवडी बाजारात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे, सोलापूर जिल्ह्यातून आलेले भटक्या समाजातले लोक होते. अफवा मोबाईलवर फिरत होती. खात्री कुणीच केली नाही.

मग करायचं काय?
- जागेवरच्या वस्तूंना हात लावू नका, आधी फोटो काढा.
- काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, हे वेगवेगळं लिहा. वेळही टाका.
- जवळच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर फुटेज जपून ठेवायला लगेच सांगा. जुन्या रेकॉर्डिंगवर काही दिवसांनी नवं चढतं.
- संशयिताचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकू नका. माहिती पोलिसांनाच द्या.

तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करता येतो. तक्रार नेकनूर पोलीस ठाण्यात देता येते. गुन्हा दाखल झाल्यावर एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्यावी.