"कळवू" म्हणाले, पण कळवलेच नाही

संग्रामपूर तालुक्यातील आपली मुले-मुली उसनवारीने तिकीट काढून शेगाव, खामगाव, अकोल्याला मुलाखतीला जातात. साहेब म्हणतात, "कळवू." मग महिना उलटतो, तरी होकार नाही अन् नकारही नाही. मूल मनातून खचते, आणि घरचेही त्यालाच बोल लावतात.

समाजबांधवांनो, हे मौन म्हणजे आपल्या लेकराच्या लायकीवरचा निकाल नव्हे. कधी जागाच रद्द होते, कधी माणूस आधीच ठरलेला असतो, तर कधी नकार कळवण्याची साधी माणुसकी नसते. जातही आडवी येते. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना शिक्षण सारखे पण आडनाव वेगळे, असे अर्ज त्यासाठी पाठवले होते. दलित आडनावांना बोलावणे कमी आले. उंबरठ्यावर जे घडते, ते आत गेल्यावरही घडू शकते.

म्हणून गप्प बसू नये. मुलाखत संपतानाच विचारावे, "निकाल कधी कळेल? चौकशी कोणाकडे करू?" ती तारीख वहीत लिहावी. तारीख टळली की नाव, पद व मुलाखतीचा दिवस लिहून चार ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावा. आठवड्याने एक फोन करावा. तरीही उत्तर नाही, तर ती आशा सोडावी. मात्र दुसरीकडचे अर्ज पहिल्या दिवसापासून चालूच ठेवावेत. "जागा पक्की करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये.

सरकारी कार्यालय किंवा जिल्हा परिषदेची भरती असेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखला जोडल्यास शुल्क माफ. निवड यादी, प्रतीक्षा यादी, स्वतःचे गुण मागावेत. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे. खाजगी कंपनीला मात्र हा कायदा थेट लागू नाही.

बाबासाहेबांनाही वाट पाहावी लागली. १९१७ साली जातीच्या छळामुळे त्यांना बडोद्याची नोकरी सोडावी लागली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले ते नोव्हेंबर १९१८ मध्ये. मधल्या काळात त्यांनी शिकवण्या केल्या. हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंधही १९१८ सालचाच. वाट पाहण्याचे दिवस त्यांनी वाया घालवले नाहीत.

एकट्या पोराने किती लढावे? रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवावा. नोकरीतल्या बंधू-भगिनींनी तरुणांचे अर्ज तपासावेत, चौकशीची पत्रे लिहून द्यावीत, अपिलाची मुदत सांभाळावी. 'संघटित व्हा' याचा अर्थ मोर्चापुरता नाही.

जयभीम!