काचेच्या घरातील शेजारी

(घरी समुद्री माशांची टाकी ठेवायची असेल, तर सुरुवातीला कोणते मासे निवडावेत आणि कोणते टाळावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभे राहून तुम्ही मासे पाहिले असतील. ते गोड्या पाण्यातले मासे. समुद्र मात्र आपल्यापासून फार दूर आहे. मुंबई इथून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. तिथे मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. सहलीला गेलेल्या कितीतरी मुलांनी समुद्रातले रंगीबेरंगी मासे पहिल्यांदा तिथल्या काचेमागे पाहिले. असे मासे पाहिले की मनात येते, "आपल्या घरी हे ठेवता येतील का?"

ठेवता येतील, पण त्यासाठी आधी थोडा अभ्यास करावा लागतो. समुद्रात दोन माशांचे पटले नाही, तर एक जण दूर निघून जातो. टाकीत दूर जायला जागाच नसते. तिथे कोण कोणाच्या शेजारी राहणार, हे मासे ठरवत नाहीत. ते आपण ठरवतो. म्हणून निवड चुकली, तर शिक्षा माशाला होते.

प्रथम पाण्याचा विचार करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अम्मीच्या स्वयंपाकघरातले मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे इतर क्षारही असतात. मत्स्यालयासाठी वेगळे समुद्री मीठ मिळते. ते शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवतात. समजा, तुमची टाकी २०० लिटरची आहे. तर मीठ किती लागेल? हिशेब करा. सुमारे ७ किलो!

पाणी भरले, दगड ठेवले, पंप सुरू केला, की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. काही उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी रिकामीच दिसते. या दिवसांचा उपयोग मासे निवडण्यासाठी करावा.

प्रत्येक माशाबद्दल तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हा मासा किती मोठा होईल? दुकानात दिसतो ते त्याचे बालपण असते. २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला. त्यात नारिंगी विदूषक मासा आणि निळा टँग मासा एकमेकांना साथ देतात. म्हणून अनेकांना ते दोघे एकाच टाकीत हवे असतात. परंतु विदूषक मासा जेमतेम बोटाएवढा राहतो. निळा टँग सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते. चार फुटांच्या टाकीत तो कोंडल्यासारखा होतो. चित्रपटातली जोडी आपल्या टाकीत जमत नाही.

दुसरा प्रश्न : हा मासा काय खातो? सिंहमासा दिसायला फार सुंदर, पण त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचे अन्न असतो. शिवाय त्याचे काटे विषारी असतात. मँडरिन मासा याच्या अगदी उलट. तो शांत असतो, शेजाऱ्यांना त्रास देत नाही. पण तो दगडांवरचे अगदी बारीक जिवंत जीव टिपून खातो. नव्या टाकीत असे जीव फारसे नसतात. मग भोवती खाद्य पडलेले असूनही हा मासा हळूहळू उपाशी मरतो. शेजाऱ्यांशी पटणे पुरेसे नाही. पोटही भरले पाहिजे.

तिसरा प्रश्न : हा मासा कोणाशी भांडतो? इथे नवशिका हमखास फसतो. निळा डॅमसेल मासा लहान, काटक आणि स्वस्त असतो. "हा सहज जगतो, हाच घ्या," असे कोणी सांगेल. ते खरेही आहे. परंतु मोठा होताच तो एक कोपरा आपला मानतो आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशाला चावून पळवतो. ज्याला चावा बसतो, तो खाणे सोडतो आणि आजारी पडतो. मग त्या एका डॅमसेलला पकडण्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

तर मग कोणते मासे घ्यावेत? २०० लिटरच्या पहिल्या टाकीसाठी चार लहान मासे पुरेत.

दोन विदूषक मासे एकत्र आणावेत. एक थोडा मोठा, एक लहान असावा. हे मासे लहानपणी नर असतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो आणि लहान मासा नर राहतो. त्यामुळे भांडण मिटते. तिसरा विदूषक मासा मात्र आणू नये. जोडी त्याला जगू देत नाही. आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास करण्याची पद्धत विकसित केली आहे. पैदास केंद्रातले मासे घ्यावेत. ते टाकीला सरावलेले असतात आणि समुद्रातले मासेही कमी होत नाहीत.

सोबत एक फायरफिश ठेवता येतो. तो लाजाळू असतो. घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण हवेच. चौथा बांगाई कार्डिनल. हा मूळचा इंडोनेशियाचा. समुद्रात त्याची संख्या घटली आहे, म्हणून तोही पैदास केलेलाच घ्यावा.

हे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. सर्वांत लाजाळू मासा आधी सोडावा, म्हणजे त्याला लपायची जागा शोधता येते. दोन-तीन आठवड्यांनी कार्डिनल सोडावा. विदूषकांची जोडी शेवटी सोडावी.

"चारच मासे?" असे तुम्ही म्हणाल. सोलापूरचा मे महिना आठवा. बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. या माशांना २४ ते २७ अंश तापमानाचे पाणी मानवते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. मासे जितके जास्त, तितकी ओढाताण जास्त. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला, तर माठातल्या पाण्यासारखे हे पाणीही थोडे थंड होते. पण कडक उन्हाळ्यात पाणी थंड करणारे यंत्रही लागू शकते. वाफ होऊन पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून कमी झालेले पाणी भरताना त्यात पुन्हा मीठ घालू नये. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावा. एवढी सोय आणि खर्च जमत नसेल, तर गोड्या पाण्यातले गप्पी मासे पाळावेत. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट कायद्याची. समुद्रघोडा आणि प्रवाळ कितीही आवडले, तरी विकत घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून त्यांना संरक्षण दिले आहे. तसेच नको झालेला समुद्री मासा तलावात सोडू नका. गोड्या पाण्यात तो जगत नाही.

आता वही घ्या. आवडलेल्या प्रत्येक माशाचे नाव लिहा आणि त्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. ज्या माशाचे एकही उत्तर मिळाले नाही, तो मासा उत्तर मिळेपर्यंत दुकानातच राहू द्या.

शब्दार्थ
काटक – सहज आजारी न पडणारा. नवशिका – नव्याने शिकणारा. पैदास – प्रजा वाढवणे. प्राणवायू – श्वासासाठी लागणारा वायू. सरावलेला – सवय झालेला.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे किती क्षार असतात?
(आ) टाकीवर जाळीचे झाकण का हवे?
२. कारणे लिहा.
(अ) टाकीत लगेच मासे सोडू नयेत.
(आ) मँडरिन मासा नव्या टाकीत उपाशी मरतो.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : स्वस्त, शांत, गोडे, जवळ.
४. पुढील शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते सांगा : समुद्र, मासा, शेजारी, मीठ.
५. १५० लिटरच्या टाकीसाठी किती समुद्री मीठ लागेल, ते काढा.