साठीला कोल्हापूरचा रस्सा

गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून टाकला, म्हणून आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. तो साजरा कोण करतो? मृग तोंडावर असतो. यंदा मात्र ह्यांना साठ पुरी झाली आणि मुलांनी हट्ट धरला : आजीला घेऊन सगळ्यांनी कोल्हापूरला जायचे, बाबा शिकले तिथे जेवायचे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. खेड्यातल्या पोरांच्या राहण्याची सोय मात्र शाहू महाराजांनी १९०१ पासूनच बोर्डिंगे उभी करून केली. तिथे ज्याला जागा मिळेना तो खोली घेऊन राही आणि घरचा डबा एस.टी.ने येई. ह्यांचे शिक्षण अशाच डब्यावर झाले.

सकाळी मिसळ झाली. कट झणझणीत, सोबत ब्रेडच्या स्लाइस. दुपारी तांबडा-पांढरा. पांढऱ्यात मटणाचे अळणी पाणी, नारळाचे दूध, खसखस, तीळ. हळद-चटणीचे नाव नाही. सासूबाईंनी तो दोनदा मागितला, मग वाटी ठेवून विचारले, "उन्हाळ्यात माझी आमटी आंबायची का रं?"

"कधीमधी," हे म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "पण भाकरी चांगली असायची, आई."

सासूबाई गप्प झाल्या.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. घरी दोन म्हशी असून विकत दूध प्यायचे, याचे मला हसू आले. सासूबाईंनी आपला पेला मुलापुढे सरकवला.