समुद्राचे वेळापत्रक

लखनौला लू वाहू लागली की येथील मराठी कुटुंबांना कोकणच्या समुद्राचे वेध लागतात. मुलांचा हट्ट अलीकडे जेट स्कीचा असतो. परंतु समुद्राचेही वेळापत्रक असते. उत्तर प्रदेशातील शाळा बहुधा २० मेच्या सुमारास बंद होतात. आणि मालवण-तारकर्लीच्या जलक्रीडा साधारणतः २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत शासकीय आदेशाने बंद राहतात, कारण पाऊस येण्याआधीच नैर्ऋत्येचे वारे समुद्र खवळवू लागतात. हाती उरतात जेमतेम पाच-सहा दिवस. पुष्पक एक्सप्रेसने मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ गाठण्यात त्यांतल्या दोन रात्री जातात. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. तेव्हा बेत मार्चमध्येच ठरवावा लागतो. शाळेचा आठवडा बुडाला तरी चालत असेल, तर मेचा आरंभ केव्हाही बरा.

आता वाहनाविषयी. जेट स्कीला बहुधा सुकाणू नसते. तळातून ओढलेले पाणी ती वेगाने मागे फेकते आणि त्या झोताची दिशा बदलूनच वळते. समोर कोणी दिसताच घाबरून वेग सोडला, तर झोत मंदावतो आणि ती सरळच पुढे जाते. हे मुलांना किनाऱ्यावरच समजावून सांगावे, आणि यंत्र बंद पाडणारी दोरी मनगटाला बांधल्याखेरीज कोणालाही हाती मूठ धरू देऊ नये.