माशीवरून माशाकडे

आपल्याकडे ओढ्यावर मासे धरायचे, तर गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि वाट पाहत बसतात. म्हणूनच गळ टाकणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जातो. परंतु दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट नदीवर ट्राउट मासा धरणाऱ्यास आधी कीटकशास्त्र शिकावे लागते. तेथे बारीक गळाभोवती पिसे व रेशमाचा धागा गुंडाळून खोटी माशी करतात. त्या वेळी नदीवर असलेल्या खऱ्या माशीशी ती जुळली, तरच मासा फसण्याचा संभव.

टेस्टचे पाणी खडूसारख्या मऊ खडकात मुरून झऱ्यांवाटे येते. झऱ्यापाशी ते बारमाही सुमारे १० ते ११ अंश सेल्सिअस असते. या थंड, नितळ पाण्यात मेफ्लाय नावाचा कीटक वाढतो. त्याचे पिल्लू सुमारे दोन वर्षे तळच्या गाळात काढते आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात पृष्ठभागावर येऊन कात टाकते. पंख फुटले, तरी त्याला काठावरच्या झाडीत बसून आणखी एकदा कात टाकावी लागते. उडता येऊ लागल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटकवर्ग नाही. प्रौढ माशीला खाण्याजोगे तोंडच नसते. मीलन होते, मादी पाण्यावर अंडी घालते आणि मरते. या दिवसांत ट्राउट इतके बेभान होऊन खातात की नवशिक्यालाही मासा मिळतो. तेथील लोक या काळाला ‘ढ माणसांचा पंधरवडा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

खरी परीक्षा पुढे, भर उन्हाळ्यात. दिवसा नदी निपचित असते. संध्याकाळी मात्र निळसर पंखांच्या लहान माश्या उडू लागतात. १८८६ साली हॅलफर्ड यांनी तरंगत्या माशीवर ग्रंथ लिहिला. पुढे स्क्यूज यांनी १९१० च्या पुस्तकात पाण्याखालच्या पिल्लाची नक्कलही तितकीच उपयोगी पडते, असे मांडले. त्यावरून मोठा वाद माजला.

उन्हाचा प्रश्न मात्र वादाचा नाही. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना तो ९ वर येतो. उलट माशाची प्राणवायूची गरज उष्णतेबरोबर वाढते. अशा वेळी झुंजून थकलेला मासा सोडून दिला, तरी मरू शकतो. म्हणून जाणते लोक तापमापक पाण्यात धरून पाहतात आणि पाणी २० अंशांच्या आसपास गेले, की गळ गुंडाळून घरी जातात.

आज या नद्यांना दुसरीही भीती आहे. शेतातून वाहून येणारी माती आणि सांडपाण्यातील फॉस्फेट यांमुळे कीटकांची अंडी तळाशीच मरतात. शहरांसाठी उपसा वाढला, की प्रवाह मंदावतो आणि गाळ साचतो. नदी वरून पूर्वीसारखीच नितळ दिसते. पण संध्याकाळी माश्या उडत नाहीत. हे प्रथम ध्यानात येते, ते वर्षानुवर्षे माश्या न्याहाळत काठावर बसणाऱ्याच्या. ज्याला आपण रिकामटेकडा म्हणतो, तोच नदीच्या दुखण्याचा पहिला साक्षीदार असतो.