कारखाना वाढतो तेव्हा धुराड्यापलीकडे पाहा

मनोरीच्या धक्क्यावर उभे राहिले की माहूल फार दूरचे वाटते. मनोरी पश्चिमेच्या समुद्राकडे, माहूल पूर्वेच्या खाडीवर. मध्ये सारी उपनगरे पसरलेली. पण दोन्ही गावांत कोळ्यांची जुनी वस्ती आणि दोन्हींच्या खाडीला तिवरांची झाडी. १९५० नंतरच्या दशकात माहूलच्या शेजारी तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. आज त्यांतला एक भारत पेट्रोलियमचा, दुसरा हिंदुस्थान पेट्रोलियमचा. दुसऱ्याची शक्ती अलीकडे वर्षाला ७५ लाख टनांवरून ९५ लाख टन करण्यात आली. म्हणजे दिवसाला सुमारे २६ हजार टन कच्चे तेल. वीस टनांचा एक टँकर धरला, तर रोजचे तेराशे टँकर! तेल प्रत्यक्षात अशा टँकरने येत नाही, पण यावरून अंदाज येईल.

कारखाना वाढणार म्हटले की आपली नजर धुराड्याकडे जाते. साहजिकच आहे, धूर दिसतो. माहूलकरांची तक्रार मात्र वासाची होती, आणि वास दिसत नाही. तो येतो कुठून?

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. रिकाम्या बाटलीत उदबत्तीचा धूर भरा आणि वरून हळूहळू पाणी ओता. पाणी जितके आत जाईल तितका धूर बाहेर पडेल. पेट्रोलचा टँकर भरताना नेमके हेच होते. आधीच्या तेलाची वाफ आत असते, ती नव्या तेलाच्या रेट्याने बाहेर निघते. साठवणीच्या टाक्यांचेही तसेच. दिवसा ऊन तापले की आतली वाफ फुगून बाहेर येते, रात्री टाकी थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकी श्वासच घेते म्हणा ना! शिवाय हजारो झडपा आणि नळांचे सांधे आहेत. प्रत्येकातून थोडे थोडे झिरपते. या वाफेत बेंझिन असते, आणि बेंझिनने माणसाला कर्करोग होऊ शकतो हे आता सिद्ध झाले आहे.

उपाय आहेत. तेलावर तरंगणारे छत टाकीला बसवता येते, म्हणजे वाफ साठायला जागाच उरत नाही. टँकर भरताना निघणारी वाफ नळाने ओढून घेऊन तिचे पुन्हा तेल करता येते.

आता कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून देशात पेट्रोल-डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले. रस्त्यावरच्या हवेला त्याचा फायदाच आहे. पण ते गंधक काढायचे कुठे? कारखान्यातच. त्यासाठी हायड्रोजन लागतो, मोठा दाब लागतो, नवी यंत्रे लागतात. हायड्रोजन आणि दाब यांवरच चालणाऱ्या एका विभागात ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अनेक कामगार जखमी झाले. म्हणजे गावोगावची गाडी स्वच्छ झाली, आणि तिचा भार माहूलच्या कुंपणाशी येऊन बसला.

त्या कुंपणापलीकडे माणसे राहतात. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे हटवून तिथल्या कुटुंबांना माहूलच्या नव्या इमारतींत धाडले गेले. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत परिसरातल्या बहुसंख्य लोकांनी दम लागतो, डोळे चुरचुरतात असे सांगितले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विस्थापितांना माहूलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. दुसरी घरे मिळेपर्यंत दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्यास बजावले. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. त्यातला सर्वांत मोठा वाटा दोन्ही कारखान्यांवर नव्हता, तर तेल आणि रसायने साठवणाऱ्या एका कंपनीवर होता. बाटलीचा प्रयोग ज्यांनी केला, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे लागतात, त्यांचे खापर सरसकट या कारखान्यांवर फोडू नये. समुद्रातल्या जहाजांतून आणि तेलविहिरींतूनही तेल सांडते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा त्याचा तवंग तिवरांपर्यंत पोचला होता.

शुद्धीकरण कारखाना वाढवायचा तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरणाची परवानगी लागते. विस्ताराच्या बाबतीत जनसुनावणी घ्यायची की नाही, हे तज्ज्ञांची समिती ठरवते. म्हणून ती मागायला उशीर करू नये. सुनावणी ठरली तर किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना येते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो हातात आला की धुराड्याच्या उंचीवर थांबू नका. टाक्या किती वाढणार, टँकर कुठे भरणार, वाफ परत घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून असेल की नंतर, बेंझिन मोजण्याचे यंत्र कारखान्याच्या आत बसेल की वस्तीत, आणि सर्वांत जवळचे घर किती अंतरावर, ही पाने शोधा. सभेला जाणे जमले नाही, तर हरकत लेखी पाठवता येते.