सायकल आडवी होते ती इथे!
कान्हे स्थानकावर लोकल गाठायला सायकलने येता? मग हे ध्यानात ठेवा.

• रूळ : रुळालगतच्या खाचेत अरुंद चाक अडकतं. रूळ काटकोनात ओलांडा. ओले असतील तर उतरून सायकल हाताने न्या.

• चिखल : भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो. वेग वळणाआधीच कमी करा. वळताना ब्रेक दाबू नका.

• ब्रेक : ओल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा पकडतात. अधूनमधून हलके दाबून रिम कोरडी करा. उतारावर दोन्ही ब्रेक वापरा.

• पिशवी : हँडलला लोंबणारी पिशवी पुढच्या चाकात गेली, की सायकल जागीच थांबते आणि आपण पुढे फेकले जातो. सामान कॅरिअरलाच बांधा.

• फाटा : जुना मुंबई-पुणे महामार्ग पायी ओलांडा.